वाड्यावरचा स्काउट ग्रुप कसा चालवायचा (आणि तो पहिल्या पावसात बंद कसा पडू द्यायचा नाही)

स्काउट म्हटलं की आपल्याकडे अजून 15 ऑगस्टची परेडच आठवते. गळ्यात स्कार्फ, झेंड्याला सॅल्यूट, सरपंचांचं भाषण, हातात एक लाडू नि चला घरी. पुढच्या 26 जानेवारीपर्यंत युनिफॉर्म कपाटात. तसलाच ग्रुप काढायचा असेल तर हे वाचायची गरज नाही, शाळेतले पीटी सर आठवड्यात बसवून देतील. पण वाड्यावरच्या, म्हणजे गावातल्या वस्तीवरच्या पोरांनी दर आठवड्याला जमावं, गाठी माराव्यात, चूल पेटवावी, जत्रेला पाणी वाटावं, कॅम्पला जावं, आणि हे सगळं मोठ्यांनी मागून ढकलत न बसता त्यांनीच करावं असं वाटत असेल तर पुढे वाचा. मी गोव्यात फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावच्या ग्रुपबरोबर बरीच वर्षं आहे म्हणून उदाहरणं इकडचीच येतील, पण पेडणे असो की काणकोण, फार फरक पडू नये.

कागदपत्रांचं आधी उरकून टाकू. भारत स्काउट्स अँड गाइड्स ही आपल्याकडची मुख्य संघटना, देशातल्या वेगवेगळ्या स्काउट संघटना 7 नोव्हेंबर 1950 ला एकत्र येऊन झालेली, पुढच्या वर्षी मुलींचे गाइड्सही त्यात आले. गोव्यात तिचं काम साहजिकच पोर्तुगीज गेल्यानंतरचं. ग्रुप शाळेचाच असावा लागतो असा सगळ्यांचा समज असतो, तसं काही नाही, ओपन ग्रुप म्हणून गावातही काढता येतो, राज्य ऑफिसला अर्ज करायचा, नोंदणी करायची आणि ती दरवर्षी रिन्यू करायची. लहान मुलं म्हणजे कब आणि बुलबुल, साधारण दहा वर्षांपर्यंत. दहा ते सतरा स्काउट आणि गाइड. त्याहून मोठे, अकरावीपासूनचे, रोव्हर-रेंजर, पंचवीस वर्षांपर्यंत. सगळं एकदम काढायच्या भानगडीत पडू नका. एकच काढा, माझ्या मते स्काउट-गाइडचं वय आधी, कारण हीच मुलं दोन वर्षांनी कबना शिकवायला उभी राहतात, उलटं केलं तर तुम्हालाच सहा वर्षांच्या पोरांच्या नाड्या बांधत बसावं लागेल.

मोठी माणसं किमान चार हवीत. दोन म्हटलं तर एकाचं लग्न एकाचं बारसं करत मीटिंगला कोणीच नसतं. मुली असतील तर बाई लीडर हवीच, त्याला पर्याय नाही. लीडरनी बेसिक कोर्स करून घ्यावा, साधारण आठवडाभराचा राहून करायचा असतो. पुढे अ‍ॅडव्हान्स आणि मग हिमालय वुड बॅज. कोर्सला जायला सुट्टी मिळत नाही ही सगळ्यांची तक्रार आणि ती खरीच आहे, पण कोर्स न करता पाच वर्षं ग्रुप चालवणारे जे असतात ते शेवटी परेडवरच येऊन थांबतात हे मी बघितलंय.

आता वार. इथेच निम्मे ग्रुप बुडतात. मोठ्यांना रविवार सकाळ सोयीची वाटते. पण ख्रिस्ती घरची मुलं त्यावेळी मिसाला (चर्चमधल्या प्रार्थनेला) आणि मग दोत्रीनला (धर्मशिक्षणाच्या वर्गाला), हिंदू घरी कुठेतरी कुळागरात (सुपारी-नारळाच्या बागेत) काम नाहीतर कुलदेवाला जायचं, आणि फुटबॉलची मॅच तर रविवारीच. शनिवारी दुपारी चारला ठेवा. ट्यूशनवाल्या टीचरना आधीच जाऊन भेटा, दोघी-तिघीच असतात गावात, त्यांनी वेळ अर्धा तास सरकवली तर तुमचा ग्रुप वर्षभर टिकला म्हणून समजा. आणि एकदा शनिवार ठरला की तो सोडायचा नाही. पाच मुलं आली तरी मीटिंग. तुम्ही नसाल तरी मीटिंग. दोन शनिवार लागोपाठ चुकले की तिसऱ्याला मुलं येत नाहीत, त्यांनी तोवर दुसरं काहीतरी शोधलेलं असतं.

जागेचंही असंच. देवळाचा सभामंडप फुकट मिळतो, थंड असतो, फरशी स्वच्छ. चर्चचा हॉलही मिळतो. पण गाव मिश्र असेल तर मंडपात भरवलं की ख्रिस्ती घरची बाई मुलाला पाठवताना दोनदा विचार करते आणि हॉलमध्ये भरवलं की दुसऱ्या बाजूचे. कोणी उघड बोलत नाही, फक्त येत नाहीत. सरकारी प्राथमिक शाळेचं पटांगण घ्या, पंचायतीचं ना-हरकत पत्र घ्या, आणि व्हरांडा वापरायची परवानगी त्याच पत्रात लिहून घ्या, कारण जून ते सप्टेंबर तुम्हाला पटांगण नाही, छप्पर लागणार. प्रतिज्ञेतही ईश्वराच्या जागी धर्म म्हणायची मुभा आहे, हे नव्या पालकांना पहिल्याच दिवशी सांगा, बऱ्याच शंका तिथेच संपतात.

संघ म्हणजे काय ते नीट समजून घ्या

बाकी सगळं विसरलात तरी चालेल पण हे नको. स्काउटिंग म्हणजे संघ पद्धत. स्काउटिंग सुरू करणाऱ्या बेडन पॉवेलनी 1907 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ब्राऊनसी बेटावर जो पहिला प्रायोगिक कॅम्प घेतला त्यात वीसेक मुलं होती, काही श्रीमंतांच्या शाळांतली, काही कामगारांच्या घरची, आणि त्यांचे चार संघ केले होते, लांडगे, बैल, डोमकावळे आणि चौथा एका किनाऱ्यावरच्या पक्ष्याच्या नावाचा. प्रत्येक संघाला आपला नायक. सगळी कल्पना तिथेच आहे. मुलं सहा ते आठच्या टोळीत असली की आपोआप कामं वाटून घेतात, तीस मुलांच्या रांगेत उभी केली की फक्त शिट्टीची वाट बघतात.

आमच्याकडे संघांची नावं धनेश, खंड्या, गवा आणि मुंगूस अशी आहेत. गवा आपला राज्यप्राणी म्हणून त्यावरून दरवर्षी भांडण. संघ करताना मित्र-मित्र एकत्र टाकू नका आणि वयानेही कापू नका, सहावीचा नि नववीचा एकाच संघात हवा. प्रत्येक संघाला एक पेटी द्या, पत्र्याची जुनी ट्रंक चालते, त्यात दोऱ्या, एक सुरी, काडेपेटी, प्रथमोपचाराचं सामान, संघाची वही. चावी संघनायकाकडे. तुमच्याकडे डुप्लिकेटसुद्धा नको. पेटीत सुरी असल्याचं पालकांना कळलं की फोन येतात. सांगायचं की सुरी वापरायला शिकवूनच दिलेली आहे, आणि खरंच शिकवा, धार आपल्यापासून लांब, हातभर अंतरात कोणी नाही, दुसऱ्याला देताना मूठ पुढे.

महिन्यातून एकदा संघनायकांची बैठक, कोर्ट ऑफ ऑनर. यात लीडरने कोपऱ्यात बसायचं नि तोंड बंद ठेवायचं. हे सगळ्यात कठीण काम. एक प्रसंग सांगतो. सहल कुठे न्यायची यावर चर्चा, दोघांना बोंडलाचं प्राणी अभयारण्य, दोघांना चोडणचं पक्षी अभयारण्य. बोंडलाला प्राणी दिसतात ही एक बाजू. खंड्याच्या नायकाने वही काढून हिशोब मांडला की बोंडल्याला मिनीबस भाड्याने घ्यावी लागेल, चोडणला कदंबाच्या सरकारी बसने रायबंदरला उतरून फेरीबोट, खर्च निम्म्याहून कमी. मग गव्याच्या नायकाने विचारलं, “ओहोटीची वेळ बघितली? खारफुटीत पाणी नसलं तर होडी कशी जाणार?” सगळे गप्प. मला भरती-ओहोटीचं टाइमटेबल खिशात मोबाइलवर दिसत होतं, जीभ शिवशिवत होती. पाच मिनिटांनी धनेशची पोर म्हणाली की तिच्या मामाकडे होडी आहे, ती फोन करते. फोन झाला, वेळ कळली, सहलीची वेळ दोन तास पुढे सरकली. मी बोललो असतो तर अर्ध्या मिनिटात संपलं असतं आणि पुढच्या सहलीला परत माझ्याच तोंडाकडे बघितलं असतं.

शनिवारची मीटिंग

दोन तास पुरे. झेंडा, प्रार्थना, संघनायकाने केलेली तपासणी (नखं, स्कार्फ, वही), मग लगेच खेळ. बोलणं नाही. मुलं शाळेत आठवडाभर ऐकून आलेली असतात, तुम्ही पहिल्या दहा मिनिटांत भाषण ठोकलं की डोळे काजूच्या झाडावर. खेळ, मग एक गोष्ट शिकणं, परत खेळ, मग संघाचं आपलं काम, शेवटी हातात हात, घरी. शिकवायची गोष्ट एकच ठेवा आणि ती हाताने करायची असावी.

किमचा खेळ सगळ्यांना माहीत असतो, ताटात चोवीस वस्तू, एक मिनिट बघायच्या, झाकायच्या, आठवून लिहायच्या. पण कंपासपेटीतल्याच वस्तू ठेवल्या तर कंटाळवाणा. आमच्या ताटात काजूबी, तिरफळं, सोलं (आमसुलं), गळ, करवंटीचा तुकडा, फेरीवर सापडलेलं बटण, पणतीची वात असलं काय काय असतं. सुकी सोलं आणि सुकी मिरची शेजारी ठेवली की शहरातून आलेली भावंडं हमखास अडकतात.

गाठींचं थोडं खोलात सांगतो कारण इथे बहुतेक ग्रुप नायलॉनची चकचकीत दोरी विकत आणून पैसे घालवतात. बांबू बांधायला सुंभ घ्या. खरखरीत असल्याने सरकत नाही, हाताला कळतं की कुठे सैल आहे, आणि स्वस्त. बोलाइनला मात्र सुती किंवा नायलॉन, कारण ती माणसाच्या कमरेला बांधायची असते आणि सुंभ कातडं सोलतो. रीफ गाठ पट्टी-बँडेजला, भार घेणाऱ्या दोन दोऱ्या जोडायला कधीच नाही, तिथे शीट बेंड, त्यातही एक दोरी जाड एक बारीक असेल तर शीट बेंडच. मुलांना “सात गाठी पाठ करा” म्हणू नका, काम द्या. दोन बांबू काटकोनात बांधून दाखवा: उभ्या बांबूला क्लोव्ह हिच, आडवा त्यावर टेकवायचा, दोरी पुढून-मागून तीन वेढे, प्रत्येक वेढा आधीच्याला चिकटून, मग दोन बांबूंच्या मधून दोन आवळ वेढे, हे आवळ वेढे जीव खाऊन ओढायचे, सगळी ताकद त्यांच्यातच असते, आणि शेवट परत क्लोव्ह हिच, यावेळी आडव्या बांबूला. झालं की त्यावर एक मुलगा उभा करा. बांबू हलला तर गाठ चुकली, तुम्हाला काही बोलावं लागत नाही. अशा आठ बांधण्यांतून भांडी ठेवायची मांडणी होते, मग कॅम्पच्या वेळी ती आठवते.

माग काढायचा खेळ म्हणजे जमिनीवर खुणा ठेवत एक संघ पुढे जातो आणि बाकीचे शोधत येतात. बाण म्हणजे इकडून, फुली म्हणजे इकडून नको, वर्तुळात ठिपका म्हणजे मी घरी गेलो. खडूने काढू नका, दगड, काटक्या, गवताची गाठ. कुळागरातून जाणार असाल तर मालकाला आधी विचारा, रोपं तुडवली की तो वर्षभर तुम्हाला विसरत नाही.

पावसाळा

खरी परीक्षा ही. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस लागला की ग्राउंडवर शेवाळ, पोरांना सर्दी, आया म्हणतात “सप्टेंबरात बघूया”. सप्टेंबरच्या आसपास चवथ (गणेशचतुर्थी) येते, मग परीक्षा, मग दिवाळी, आणि ग्रुप गेला. म्हणून पावसाचा कार्यक्रम मे महिन्यातच लिहून ठेवा. प्रथमोपचार, नकाशा, होकायंत्र, शिवणकाम (हो, बटण लावता आलंच पाहिजे), गोष्टी, आणि सगळ्यात मजेचं म्हणजे पावसात चूल पेटवणं.

व्हरांड्याच्या कडेला पत्र्याखाली संघागणिक एक चूल. तीन चिरे. नदीतले गुळगुळीत ओले गोटे कोणीतरी आणतोच, ते घेऊ नका, आत पाणी असतं, तापले की फुटतात आणि कपच्या उडतात. प्रत्येक संघाला दोन काड्या मोजून. पहिल्या वेळी सगळे संघ थेट जाड लाकूड पेटवायला जातात, धूर धूर, डोळ्यांत पाणी, आणि मग हाक येते, “सर, उजो पेटना!” (आग पेटत नाही). जाऊ नका. थोड्या वेळाने कोणालातरी घरच्या न्हाणीतली पाणी तापवायची चूल आठवते. मग ती मुलं पळत जाऊन माळ्यावरचं सुकं चुडत (माडाची झावळी) आणतात, सोडणातला (नारळाच्या सालीतला) आतला भुसा बोटांनी मोकळा करतात, पक्ष्याच्या घरट्याएवढा गोळा, त्यावर चुडताचे हीर, त्यावर करवंटीचे तुकडे, आणि ओलं लाकूड असेल तर सुरीने वरची साल काढून आतला कोरडा गाभा चिरून. करवंटी धरली की मग पाऊस कितीही असो. काडेपेटी ओली होऊ नये म्हणून काड्यांची टोकं मेणात बुडवून ठेवा, डब्यात. त्या चुलीवर चहा झाला की त्या दिवसाची मीटिंग झाली, बाकी काही घ्यायची गरज नाही.

धबधब्यावर न्यायचा मोह पावसात सगळ्यांना होतो. नको. दरवर्षी बंदीचे आदेश निघतात ते उगाच नाही, घाटात वर पाऊस पडला की खाली ऊन असतानाही पाणी अचानक चढतं. पोरं म्हणतील बाकीचे जातात. बाकीच्यांबरोबर तीस जणांची जबाबदारी नसते.

गावात काय करायचं

सेवा म्हणजे बॅनर लावून झाडू हातात घेतलेला फोटो, हे मुलांच्या डोक्यातून काढायला वेळ लागतो, मोठ्यांच्या डोक्यातून जास्त. आमचा नियम सोपा आहे, गावाने मागितलेलं काम करायचं, आपण ठरवून गावावर लादायचं नाही. जत्रा कमिटीला विचारा, फेस्ताच्या (चर्चच्या उत्सवाच्या) कमिटीला विचारा, पंचायतीला विचारा. जत्रेत सगळ्यात उपयोगी दोन गोष्टी, प्यायचं पाणी आणि हरवलेल्या मुलांचा टेबल. पाण्याला प्लास्टिकचे ग्लास नकोत, स्टीलचे पन्नास पेले आणि धुवायला एक संघ. हरवलेल्या मुलांच्या टेबलावर एक मोठा माणूस कायम, मूल कोणाच्याही हातात असंच देऊन टाकायचं नाही, मुलाने ओळखलं पाहिजे.

चवथीला विसर्जनाच्या जागी निर्माल्य वेगळं घ्यायला उभं राहता येतं. तिथे कोणाला सुनवायचं नाही, टोपली पुढे धरायची, बहुतेक लोक टाकतात. मुलांना पाण्यात उतरवायचं नाही, मूर्ती न्यायला मोठे असतात. दिवाळीच्या पहाटे नरकासुराचे पुतळे जाळून झाले की रस्त्याकडेला लोखंडी सांगाडे, तारा नि फटाक्यांचा कचरा पडलेला असतो, तो पुढच्या शनिवारी. तारा उचलायला हातमोजे, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन झालंय का ते आधी मुलाच्या फॉर्ममध्ये बघा. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर किनारा सफाई असते, किनाऱ्यावरच्या गावांना ते सोयीचं. 22 फेब्रुवारीला स्काउट-गाइडचा चिंतन दिन, त्या दिवशी आम्ही फक्त गावातल्या एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांकडे जातो, पाणी भरून देतो, माळ्यावरचं काहीतरी खाली काढून देतो, गप्पा ऐकतो. मुलांना हाच दिवस जास्त आवडतो, खायला मिळतं हेही कारण असेल.

निवडणुकीच्या दिवसांत सावध. स्कार्फ घातलेली शिस्तीतली मुलं सभेला खुर्च्या लावायला सगळ्यांनाच हवी असतात. कोणी कितीही ओळखीचा असो, नाही म्हणायचं, आणि टी-शर्ट स्पॉन्सर करतो म्हटलं तरी नाहीच.

कॅम्प

एकदम तीन दिवसांचा काढू नका. आधी दिवसभराची पायपीट, मग आपल्याच गावच्या शाळेत एक रात्र, मग बाहेर. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच दिवस. तांबडी सुर्लचं कदंबकालीन महादेवाचं देऊळ, सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठी उसगाळीमळची कातळावरची खोदचित्रं, चोडण, बोंडला, जागांना तोटा नाही. अभयारण्यात शिरायचं असेल तर वनखात्याची परवानगी आधी लेखी, गेटवर जाऊन विनवण्या नकोत.

सत्तरी तालुक्यात किंवा त्या बाजूच्या जंगलात जाणार असाल तर माकडतापाची माहिती घ्या, गोचिडीतून होतो, सुका हंगाम म्हणजे नेमके आपले कॅम्पचे दिवस. जवळच्या आरोग्य केंद्रात फोन करून विचारा की यंदा तिथे काही आहे का. असेल तर जागा बदला. नसलं तरी पूर्ण बाह्या, पायमोज्यात पँट, पाल्यापाचोळ्यात बसायचं नाही, संध्याकाळी अंग तपासायचं, मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवायचं. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, हात-पाय हलू न देता झोपवून ठेवायचं आणि 108. जवळचं सरकारी हॉस्पिटल कोणतं आणि तिथे सापावरचं औषध आहे का हे निघायच्या आधी माहीत हवं, तिथे जाऊन गुगल करायला रेंज नसते.

समुद्रावर कॅम्प असेल तर जीवरक्षकांची वेळ संपली की पाण्यात पाय नाही. लाल झेंडा म्हणजे नाही, लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच पोहायचं, तेही दोघा-दोघांची जोडी करून.

मुलं मोजायची पद्धत ठरवा. लीडरने तीस डोकी मोजायची नाहीत, संघनायकाने आपली सात मोजायची आणि येऊन सांगायचं. फेरीबोटीत चढताना, उतरताना, बसमध्ये, झोपायच्या आधी. मुलांबरोबर एकटा मोठा माणूस कधीच नाही, कायम दोघे, तंबूत मोठे वेगळे मुलं वेगळी, मुली असतील तर बाई लीडर मुक्कामाला. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पोक्सो कायदा 2012 चा आहे आणि आपल्या गोव्याचा स्वतःचा बालकायदा 2003 चा, लीडर होणाऱ्या प्रत्येकाने दोन्ही वाचलेले हवेत. 1098 हा मुलांसाठीच्या मदतीचा नंबर मुलांच्या वहीच्या पहिल्या पानावर. कोणी नवा “मदत करायला” आला आणि या नियमांवर हसला तर त्याला मदतीला घेऊ नका, विषय संपला.

जेवण मुलंच करणार, संघागणिक. शिवराकच (शाकाहारीच) ठेवा, मासे आणले की बर्फ, वास, मांजरं आणि कोण खातो कोण नाही. पहिल्या रात्री पेज, लोणचं, भाजलेला पापड, दुसऱ्या सकाळी पातळभाजी-पाव (पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, आदल्या दिवशी सांगून ठेवा, तीस जणांचे पाव तो ऐनवेळी कुठून देणार). माणशी शंभर ग्रॅम तांदूळ धरा, नववी-दहावीचे असतील तर दीडशे. उकडा तांदूळ घेतलात तर तास जास्त लागतो हे लक्षात ठेवा, नाहीतर रात्री अकराला जेवण आणि सगळे रडकुंडीला. भात लागला, जळला, तर तोच खायचा. लीडरनी मागच्या दाराने बिस्किटं वाटायची नाहीत.

पैसे, युनिफॉर्म, पालक

युनिफॉर्म सगळ्यात शेवटी. पहिले तीन-चार महिने फक्त स्कार्फ, तोही प्रवेशाचा अभ्यास करून प्रतिज्ञा घेतल्यावर. जे टिकतील त्यांचे कपडे शिवा, आणि मोठ्या मुलांचे आखूड झालेले कपडे ग्रुपच्या कपाटात ठेवून लहानांना द्या, कोणाचे कोणाला गेले ते बोलायचं नाही.

वर्गणी लहान पण दर महिन्याला, आणि ती संघनायकाने गोळा करायची. कॅम्पसाठी मुलांनी स्वतः कमवलेले पैसे असावेत, महाराष्ट्रातले स्काउट खरी कमाई म्हणतात ते. गाड्या धुणं, बागेत पाला गोळा करणं, सुपारी सोलायला हात देणं. काम न करता मिळालेली नोट घ्यायची नाही, हे काकांना पटत नाही, “अरे घे रे, खा कायतरी” म्हणून खिशात कोंबतात, मुलाने तेव्हा काय म्हणायचं ते मीटिंगमध्ये नाटक करून शिकवा. हिशोब दर महिन्याला पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, पावत्यांच्या फोटोसकट. त्या ग्रुपवर गुड मॉर्निंग बंद.

पालकांना “मदत करा” म्हटलं की कोणी येत नाही. नेमकं मागा. सावंत काका, तुमची पिकअप शनिवारी सकाळी सात ते नऊ हवी. मावशी, देवस्थानचे दोन मोठे टोप तुमच्या नावावर मिळतील का. फातिमा बाय, तुम्ही नर्स आहात, जळलेल्यावर काय करायचं ते अर्धा तास येऊन दाखवाल? असं मागितलं की नाही म्हणणारा मला अजून भेटायचाय.

दहावी लागली की फोन येतोच, “सर, आता वर्षभर बंद करूया ना?” बंद करू नका, महिन्यातून एक शनिवार ठेवा आणि संघनायकपण दुसऱ्याला द्या. प्रवेश, प्रथम, द्वितीय, तृतीय सोपान, मग राज्य पुरस्कार आणि राष्ट्रपती पुरस्कार अशी पायरी आहे, तृतीय सोपानापर्यंत पोचलेलं मूल दहावीत पूर्ण सोडलं की परत येत नाही. बॅजच्या नोंदी त्या-त्या दिवशी वहीत तारखेसकट लिहून सही करून ठेवा, पुरस्काराच्या टेस्टिंगला तुमच्या आठवणी चालत नाहीत, वह्या चालतात. अकरावीला गेलेल्यांना मार्चमध्येच रोव्हर म्हणून नोंदवून एकेक संघ पाठीराखा म्हणून द्या, म्हणजे जूनला शनिवार सुरू करायला तुम्ही एकटे नसाल. रिन्युअलचा फॉर्म भरताना नव्या कबची नावंही त्याच फेरीत घालून टाका, पणजीला दोनदा खेपा नकोत.